इक्वोच्या जाळीवरचा पहिला मासा

इक्वो, तू जिवंत असतीस तर हे पत्र वाचून आधी मला शिव्याच घातल्या असत्यास.

खाडीच्या तोंडाशी चाळीस वर्षं तू बोंगा मासे धुरावर भाजलेस. मग समुद्रातल्या तेलविहिरीची नळी फुटली आणि तुझ्या जाळीवर मासे तापले की रॉकेलचा वास सुटू लागला. बाजारातल्या बायका नाक मुरडून पुढे जाऊ लागल्या. तेव्हा कंपनीचा साहेब आला आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "मासे स्वच्छ आहेत."

तू जाळीवरचा पहिला मासा उचललास. तो पाहुण्याचा. पाहुण्याने नाकारला, तर त्याने त्या चुलीचं वाईट केलंय, असंच आपल्याकडे धरतात.

"खा, साहेबा. स्वच्छ आहे ना?"

"माझं जेवण झालंय, मावशी."

"मग बायकोला ने. की तिचंही झालंय?"

गाव खो खो हसलं. साहेब होडीत जाऊन बसला आणि आठवड्यात बदली घेऊन लागोसला पळाला.

तू तोच मासा केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिलास. "मास्तरीणबाई, तुम्ही शिकलेल्या, लागोसच्या कचेरीत तुम्हाला आत सोडतील. त्याने काट्यासकट खाल्ल्याशिवाय समोरून उठू नका."

मी 'पुढच्या महिन्यात जाते' म्हणत राहिले, आणि तू गेलीस.

तो पुडा अजून माझ्या चुलीवर टांगलेला आहे. त्याला मुंगीसुद्धा लागलेली नाही, आणि साहेब लागोसला रोज दुसरे मासे खातो आहे.