डेल्फिनबायच्या आईचं लुगडं

ब्रदर आल्फॉन्स जर्मनीहून आले आणि निर्मळच्या वाटेवरच्या आमच्या गावचेच झाले. चित्रं काढणं हीच त्यांची प्रार्थना. "स्वर्गातले चेहरे मी पाहिलेले नाहीत, म्हणून तुमचेच काढतो," असं म्हणायचे. अठ्ठावन्न साली त्यांनी चर्चमध्ये वेदीमागे मारियामाता रंगवली, ती गावातल्या तरुण डेल्फिनला समोर बसवून. अंगावर आमच्या बायकांचं लाल चौकड्यांचं लुगडं. आठ वर्षांनी ब्रदर वारले. इथल्याच मातीत निजले.

रंग कालवायला त्यांनी शिकवलं होतं गावातल्याच इग्नेशियसला. पुढे गावातले क्रूस, पुतळे, सगळं तोच रंगवायचा. सत्त्याण्णव साली चर्चच्या सणाआधी आमच्या चर्च-कमिटीने त्याला ते चित्र उजळायला सांगितलं. "कॅलेंडरवर निळा झगा असतो. लुगड्यातली माता आता बरी दिसत नाही," असं मीच म्हणालो. इग्नेशियस दोन दिवसांत लुगड्यावर निळा ऑइलपेंट चढवून मोकळा झाला. सणाला सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

फक्त पहिल्या बाकावरची डेल्फिनबाय त्या रविवारपासून दाराशी बसू लागली.

ते पाहून इग्नेशियसचं मन खाऊ लागलं. त्याने टर्पेंटाइनने चित्राचा एक कोपरा पुसून पाहिला. निळ्याबरोबर खालचं लालही बोळ्यावर आलं. तो फादरांकडे कुमसाराला गेला. पाप ऐकून फादर म्हणाले, "क्षमा आहेच. पण तिच्या घरी जा."

डेल्फिनबाय ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती.

"चुकलं माझं, बाय."

"सणाला तर छाती फुगवून फिरत होतास!"

"तुझ्या चेहऱ्याला हात नाही लावला."

"चेहऱ्याचं काय घेऊन बसलास? तो मी रोज आरशात बघते, आणि बघवत नाही." ती हसली. मग तिचे हात थांबले. "लुगडं आईचं होतं रे. तिच्याबरोबरच पुरलं ते. तिचा एक फोटो नाही घरात."

"मी परत लाल काढतो."

"कुठलं लाल? आठवतं तुला?"

चाळीस वर्षं त्याने त्या चित्रासमोर गुडघे टेकले होते. आठवेना.

पुढच्या रविवारी मिस्सा संपताच तो उठून उभा राहिला. "निळा रंग माझा आहे. ब्रदरांचं काम मी बुजवलं."

"अरे, छान दिसतंय की!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

इग्नेशियस मान खाली घालून उभाच होता. कमिटीतला एकही माणूस उठला नाही. मीही नाही.