मावशीकडे गेलेला फोटो

मुरबाडला माझ्या मैत्रिणीचा फोटो स्टुडिओ आहे. मी शहापूरहून एका दैनिकाला बातम्या पाठवते. कॅमेरा आम्ही दोघी बरोबरच शिकलो. चेहऱ्यासाठी पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स, यावर आमचं एकमत होतं. ती लावली की लांब उभं राहावं लागतं, आणि नाक, कान, हनुवटी आपापल्या मापात येतात. चोवीसची लेन्स घेऊन तोंडाशी गेलं की नाक पुढे येतं, कान मागे जातात.

गेल्या हिवाळ्यात सापगावचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक. त्याला मी म्हसाच्या जत्रेतल्या बैलबाजारात पाहिलं होतं. बैलाला हात लावण्याआधी मालकाला विचारा, असं तो शाळेच्या पोरांना सांगत होता. त्याने मला पाहिलं नव्हतं. मला तो आवडला होता, हे फक्त मैत्रिणीला माहीत होतं.

फोटो तिनेच काढले. आधी स्टुडिओच्या दारात उभी राहून पंच्याऐंशीने. मग लेन्स बदलून ती अगदी जवळ आली.

"हे कशाला गो?"

"गंमत. नाक केवढं येतं ते बघू. बातम्या हुंगायला बरं!"

दोघी हसलो. आपला फोटो आपल्याला निवडता येत नाही, म्हणून मी म्हटलं, तूच निवड आणि मावशीला पाठव. मध्यस्थ माझी मावशी होती.

काही दिवसांनी नकार आला. कारण दिलं नव्हतं. "फोटो जरा वेगळाच आला तुझा, बाय," म्हणत मावशीने फोन पुढे केला. फोटो चोवीसचा होता. कपाळ फुगलेलं, कान जवळजवळ नाहीतच. चुकून गेला असेल, असं मी धरून चालले. मग कळलं, त्याच मुलाशी मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरलाय.

मी मुरबाडला गेले. ती कुणाचे तरी पासपोर्ट फोटो कापत होती.

"चुकून पाठवलास का?"

"नाय." कात्री चालूच होती. "तुला नोकरी आहे, तुला कोणपण भेटेल. तिला दोन नकार आलेले. मी काय करायला पायजे होतं?"

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर सोडलं असतंस त्याला?"

"नाही."

"मग?" तिने कापलेले फोटो पाकिटात घातले. "साखरपुड्याला ये. फोटो तूच काढ. मला तिच्याजवळ उभं राहायचंय."

मी गेले नाही.

आईच्या मते माझं बातम्यांसाठी गावोगाव फिरणं या स्थळाच्या आड आलं. नोकरी सोड, असं ती आता जेवताना सांगते. फोटोमुळेच नकार आला हे मला सिद्ध करता येत नाही. म्हणून तिला मी काही सांगितलेलं नाही.