बॉनेटचा खटका आणि कृष्णण्णा

कृष्णण्णा गेल्याचं त्यांच्या मुलीने, रेणुकाने, फोनवर सांगितलं तेव्हा मी बसवनगुडीतल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्येच उभी होते. मंगळवारची सकाळ होती. "अप्पा गेले, अक्का. आंघोळ करून आले, छातीत दुखतंय म्हणाले, रिक्षा बोलावेपर्यंत..."  मी काहीतरी विचारलं, तिने काहीतरी सांगितलं. फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलेला पहिला विचार लिहायची लाज वाटते, पण तो गाळून पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, आता गाडीचं बॉनेट कोण बघणार? रडू बऱ्याच वेळाने आलं. आधी नुसती भीती वाटली.

गाडी माझ्या सासऱ्यांची. दोन माणसांची, कापडी छताची, बसलं की रस्त्याला हात लागेल इतकी बुटकी जुनी विलायती स्पोर्ट्स कार. पुण्याहून लग्न होऊन मी बेंगळुरूला आले तेव्हा सासऱ्यांनी मला ड्रायव्हिंग याच गाडीवर शिकवलं. ते गेल्यावर ती कित्येक वर्षं कापडाखाली उभी होती. माझे यजमान श्रीकांत यांना ती विकून टाकायची होती. मी विकू दिली नाही, आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर ती पुन्हा रस्त्यावर आणायचं मनावर घेतलं. इंजिनाचा माणूस सहज मिळाला. पण एक दिवस बॉनेट उघडायला डॅशबोर्डखालची मूठ ओढली आणि तार तुटून मुठीसकट माझ्या हातात आली. बॉनेट बंद, आणि ते उघडायचा दुसरा मार्ग नाही. दोन गॅरेजवाल्यांनी पत्रा कापावा लागेल म्हणून सांगितलं. तिसरा म्हणाला, कापू नका, पीण्यात, तिकडे कारखान्यांच्या वस्तीत, एक कृष्णोजीराव म्हणून आहेत, त्यांना विचारा.

कृष्णोजीराव, म्हणजे सगळ्यांचे कृष्णण्णा, पीण्याच्या एका छोट्या कारखान्यात साचे बनवण्याच्या कामावर आयुष्यभर होते. निवृत्तीनंतर जुन्या गाड्यांचे खटके, बिजागऱ्या, केबली एवढंच काम ते घेत. बसने आले, खांद्याला खाकी पिशवी. मी कानडीत बोलायला लागले तर म्हणाले, "मराठीच बोला अक्का, आमच्या घरात तीच आहे. फक्त तुमच्यासारखी नाही." त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले होते, आणि त्यांच्या मराठीत कानडी इतकी मुरलेली होती की पहिले काही दिवस मला अर्धं अंदाजाने समजून घ्यावं लागे. त्या दिवशी ते गाडीखाली आडवे झाले आणि समोरच्या जाळीतून एक लांब वाकवलेली सळई आत घालून, काहीही दिसत नसताना, नुसत्या हाताच्या अंदाजाने खटका शोधत राहिले. तीन तास लागले. बॉनेट उघडलं तेव्हा रंगावर एक ओरखडा नव्हता. मग त्यांनी नवी केबल ओवली आणि मला जवळ बोलावून दाखवलं. बॉनेटच्या खाली एक जाड पिन असते, ती खालच्या खटक्यात अडकते. पिन फिरवून लांब-आखूड करता येते, म्हणजे बॉनेट किती दाबून बसेल ते ठरतं. ती जागची हलू नये म्हणून वरून एक चेकनट आवळायचा. आणि केबल कधी ताणून बांधायची नाही, तिला स्वल्प ढील हवी, नाहीतर खटका पूर्ण मागे येत नाही आणि पिन नुसती कडेवर टेकून राहते. "दिसायला बंद दिसतं," ते म्हणाले, "पण बंद नसतं."

त्यांचा स्वभावच धास्तीचा. काम झालं की दोन्ही तळवे ठेवून बॉनेट दाबत, मग कडेला बोटं घालून उचलून बघत, असं तीनदा. घरी पोचल्यावर फोन करून विचारत, गाडी बाहेर काढली होती का, खडखडली का. श्रीकांत हसायचे. मलाही कधीकधी कंटाळा यायचा. एकदा मी विचारलं, इतकी काळजी कशाला? तर म्हणाले, इंजिन बिघडलं तर गाडी थांबते, पण ही पिन सुटली तर गाडी थांबत नाही, पुढचं दिसायचं थांबतं. एवढी भीती त्यांना कुठून आली होती, ते मला कधी कळलं नाही. बहुधा कुठून आली नव्हतीच, ते तसेच होते.

पाच-सहा वर्षं हे असं चाललं. मग तो रविवार आला. शुक्रवारी कृष्णण्णा येऊन सगळं तपासून गेले होते. रविवारी सकाळी आम्ही दोघं होसकोट्याच्या पुढे जाणार होतो. निघण्याआधी मी पाणी बघायला बॉनेट उघडलं, आणि बंद केल्यावर ते पुढच्या बाजूला जरासं वर राहिलंय असं मला वाटलं. इतक्या वेळा त्यांना करताना पाहिलं होतं. मी पाना घेतला, चेकनट सैल केला, पिन दोन आटे फिरवली. बॉनेट सपाट बसलं. मला फार बरं वाटलं. श्रीकांतना सांगावंसंही वाटलं, पण ते हॉर्न वाजवत होते. मी हात पुसले आणि निघालो.

होसकोटं मागे पडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. मी वेग वाढवला. समोर काहीतरी थरथरल्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी बॉनेट उसळून काचेवर आदळलं. समोर फक्त हिरवा पत्रा. मागून लॉरीचा हॉर्न. मी उजवीकडे मान बाहेर काढून रस्ता शोधला, गाडी डावीकडे घेत घेत थांबवली. किती वेळ लागला माहीत नाही... थांबल्यावर श्रीकांतकडे पाहिलं तर काचेचा तुकडा लागून कपाळावरून रक्त वाहत होतं. चार टाके पडले. दवाखान्यात बसल्या बसल्या ते म्हणाले, "तुझ्या कृष्णण्णांनी शुक्रवारीच हात लावला होता ना?"

 चेकनट पुन्हा आवळायचा राहिला होता, हे मला रस्त्याच्या कडेला, गाडी थांबल्या क्षणीच आठवलं होतं. पण मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी कृष्णण्णा आले. पिन निखळून खालच्या खटक्यातच अडकून राहिली होती, चेकनट तिच्यावर सैल फिरत होता. ते बराच वेळ तो बोटांनी फिरवत राहिले. मग म्हणाले की माझ्या हातून राहिलं, अक्का. श्रीकांतसमोर जाऊन हात जोडले. मी स्वयंपाकघरात चहा करत होते आणि सगळं ऐकत होते. आता सांगू, ते निघाले की सांगू, घरी पोचले की फोन करू... तेव्हापासून माझं हेच चाललं. पंधरा दिवसांनी रेणुकाचा फोन आला. अप्पांनी कामं घेणं बंद केलंय. गॅसचं बटण बंद केलं का म्हणून जेवता जेवता चार वेळा उठतात. दाराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातात आणि परत येतात. विसरायला लागलोय म्हणतात, डॉक्टरकडे न्या म्हणतात. तुम्ही जरा बोलून बघाल का, तुमचं ऐकतात. मी हो म्हटलं. आणि त्यानंतरही तीन आठवडे त्यांच्याकडे गेले नाही. या तीन आठवड्यांबद्दल माझ्याकडे काही सबब नाही. रोज फोन वाजला की आधी नाव बघायची, आणि दुसऱ्याच कुणाचा असला की सुटल्यासारखं वाटायचं.

शेवटी गेले. पीण्याच्या पलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर. ते खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.  सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"किती आटे?"

"दोन."

"आणि चेकनट?"

"आवळायचा राहिला."

ते माझ्याकडे बघत नव्हते. "पाच आठवडे, अक्का," ते हळूच म्हणाले, "पाच आठवडे मी या हातांकडे बघत बसलो." मग रेणुकाला म्हणाले, अक्कांना कॉफी दे, आणि आतल्या खोलीत निघून गेले. मी कॉफी प्याले. ते बाहेर आले नाहीत. घरी येऊन श्रीकांतना सांगितलं, तर त्यांनी कपाळावरच्या व्रणाला हात लावला आणि एवढंच विचारलं की कृष्णण्णांना सांगितलंस ना.

दोन महिने फोन नाही. मी करायची, रेणुका उचलायची, अप्पा बरे आहेत, पुन्हा कामाला जातात म्हणायची. मग एका रविवारी सकाळी ते खाकी पिशवी घेऊन दारात उभे. बसायला सांगितलं तर बसले नाहीत. सरळ गॅरेजमध्ये गेले आणि पाना माझ्या हातात दिला. सलग तीन रविवार त्यांनी मला पिन काढायला, लावायला, केबल ओवायला, ढील मोजायला लावलं. स्वतः हात लावला नाही. चुकलं की 'पुन्हा' एवढाच शब्द. त्या विषयावर ते बोलले नाहीत आणि मीही काढला नाही. माफ केलं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. तिसऱ्या रविवारी काम मनासारखं झाल्यावर म्हणाले, "सरी," म्हणजे कानडीत ठीक. मग पिशवीतून पिवळ्या रंगाची छोटी डबी काढली आणि बारीक ब्रशने चेकनटवरून पिनवर एक सरळ रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. असं ते आता सगळ्याच गाड्यांना करतात, असं म्हणाले. पूर्वी करत नसत. माझ्यामुळे त्यांना स्वतःच्या हातांची खूण ठेवावी लागत होती, हे मला तेव्हा समजलं.

त्यानंतर ते दीड वर्ष होते. यायचे, उघडायचे, रेघ बघायचे, जायचे.

ते गेल्यानंतर महिन्याभराने बॉनेट खडखडायला लागलं. खालचे रबर दबले होते, पिन थोडी आखूड करणं भाग होतं. म्हणजे चेकनट सोडायला हवा होता. मी दोन दिवस गॅरेजमध्ये जाऊन नुसती उभी राहून परत आले. तिसऱ्या दिवशी पाना लावला. पिन किंचित फिरवली, नट आवळला, पुन्हा आवळला. रेघेचे दोन तुकडे झाले होते. नटवरचा तुकडा पिनवरच्या तुकड्यापासून तांदळाच्या दाण्याएवढा सरकला होता. रेणुकाने अप्पांची पिशवी मला आणून दिली होती, डबीत रंगही होता. पण नवी रेघ मी ओढली नाही. आता निघण्याआधी रोज बॉनेट उघडते आणि त्या दोन पिवळ्या तुकड्यांमधलं अंतर बघते. दाण्याएवढंच असलं तर निघते.