दुपारनंतरचा आयरिस

"हे काय झालंय?" मिसेस सेठना मनगट नाकापासून लांब धरत म्हणाल्या. "सकाळी इतकं सुंदर होतं. आता जळक्या वायरीसारखं येतंय!"

खालापूरच्या आमच्या फॅक्टरीत जेवण नुकतंच आटोपलं होतं. सेठनाबाई आमच्या ग्राहक, मुंबईहून आपला परफ्यूम फायनल करायला आल्या होत्या. मी परफ्यूमर, म्हणजे वासाचा फॉर्म्युला बनवणारी. एवढं मोठं काम कंपनीनं माझ्या नाकाच्या भरवशावर घेतलं होतं.

मी त्यांचं मनगट हुंगलं. मऊ पावडर, मागे देवदार. खटकण्यासारखं काहीच नाही.

"जेवणातल्या मसाल्याचा असेल," मी म्हटलं. आमचे साहेब म्हात्रे पुढे झाले. त्यांनी हुंगलं आणि मान झटकन मागे घेतली.

"मॅडम, येतोय. चांगलाच येतोय," ते मला म्हणाले.

थोडं समजावून सांगते. आयरिस हे फूल, पण परफ्यूममधला वास त्याच्या कंदाचा. कंद काही वर्षं वाळवला की त्याला वास सुटतो, तोंडाला लावायच्या पावडरीसारखा, थोडा गाजरासारखा. आमचा होता वुडी आयरिस. लावल्यावर आधी लिंबाचा तजेला, तो उडाला की आयरिस, आणि शेवटी अंगावर उरतं ते लाकूड. या उरलेल्या वासाला ड्राय-डाउन म्हणतात. कागदी पट्टीवर त्याचा अंदाज येतो, पण अंगाच्या उबेची गोष्ट वेगळी. म्हणून दहिवलीची सुनंदा, जी माझ्या फॉर्म्युल्याप्रमाणे मटेरियल वजन करून मिसळते, ती प्रत्येक ट्रायल हातावर लावून दिवसभर वावरायची. सुटी व्हायच्या आधी मी तिचा हात हुंगायचे.

सेठनाबाईंना चहा देऊन म्हात्रे मला लॅबमध्ये घेऊन गेले. परफ्यूममधल्या त्या लाकडाच्या वासात एक नवं केमिकल होतं, देवदाराला जोर देणारं आणि बराच वेळ टिकणारं. मला ते फारच सौम्य वाटलं होतं, म्हणून दर ट्रायलला मी ते थोडं थोडं वाढवत गेले होते. म्हात्र्यांनी एक पट्टी त्यात बुडवली, एक कोरी ठेवली.

"कोरी कुठली?"

मला दोन्ही कोऱ्याच वाटल्या. बाहेर हवेत जाऊन आले, पाणी प्यायले, परत हुंगलं. दोन्ही कोऱ्याच. इकडे म्हात्र्यांनी खिडकी उघडली होती.

एखाद्याच वासाला नाक बहिरं असू शकतं, हे मी नव्या पोरांना स्वतः शिकवते. आमच्याकडे त्याला अॅनोस्मिया म्हणतात. पण ते नाक माझं निघावं? नाकानं कांदे सोलते म्हणून ज्या बाईला सगळे चिडवतात, तिचं?

"सुनंदा, तुला हा वास येत होता?"

"व्हता ना मॅडम. पयल्यापासनं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"आमाला वाटलं, तुमाला तसाच पायजे. तुमी हुंगून 'छान' बोलायच्या. सासू माझ्या हातची भाकर खाईत नाय. राखेनं घासला तरी हात तसाच."

आमच्या लॅबची रीतच अशी की परफ्यूमरनं हुंगेपर्यंत कुणी मत द्यायचं नाही, तिचं नाक बिथरायला नको म्हणून. आणि तिनं एकदा 'छान' म्हटल्यावर कोण कशाला तोंड उघडतंय! अख्ख्या लॅबला येणारा वास एका मलाच येत नव्हता, आणि फॉर्म्युला माझा होता.

सेठनाबाईंना काय सांगायचं? मसाल्याची थाप पुन्हा मारवेना. "तो वास मला येतच नाही," मी सांगून टाकलं.

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "मग दुरुस्त कशा करणार?"

"दुसऱ्यांच्या नाकानं."

माझ्यावरचा विश्वास म्हणून असेल किंवा दया आली म्हणून, त्यांनी आणखी एक संधी दिली. मी ते केमिकल नावापुरतं ठेवलं. अजिबात काढलं तर लाकूड संध्याकाळपर्यंत टिकत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. या वेळी माझ्याआधी बाकीच्यांनी हुंगलं आणि मी खाली मान घालून ऐकून घेतलं. सेठनाबाईंनी दिवसभर लावून पाहिलं आणि काम आम्हाला दिलं.

धडा साधा आहे. हाताखालची माणसं गप्प असतील तर त्याला पसंती समजू नये.

परफ्यूम आता बाजारात आहे. मीही कधीकधी लावते. माझ्यापुरता तो संध्याकाळच्या आतच विरतो. संध्याकाळी मी सुनंदापुढे मनगट धरते. "आहे का गं अजून?"

"हाय ना मॅडम. लय गोड येतोय," ती म्हणते.

असेल.