क्विक शिफ्टर आणि आईचं भजन

बाइकला क्विक शिफ्टर बसवावा का, असं आमच्या पथकातल्या पोरी मला अजून विचारतात. मी म्हणते, कशाला हवाय ते आधी खरं सांग. गिअरच्या दांडीला एक सेन्सर बसतो. पायाने गिअर टाकला की तो क्षणभर इंजिनाचा जोर तोडतो, आणि क्लच न दाबता वरचा गिअर पडतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळत असेल तर मजा येते, खोटं कशाला बोलू. पण गाडी जागेवरून हलवायची तर डाव्या हाताचा क्लच लागतोच, थांबवायची तरी लागतोच, आणि लालबाग-परळच्या गर्दीत आपण दुसरं करतो काय? ज्याचा डावा हात गेलाय त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि माझा डावा हात गेला होता.

अंगठ्याच्या बुडाशी सांधा झिजलाय, असं डॉक्टर म्हणाले. पन्नाशी पार केलेल्या बाईला होतं म्हणे. सकाळी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. पण हे पथकात सांगायचं कसं? पाडव्याच्या गिरगावातल्या शोभायात्रेत आम्हा बायकांचं बाइकचं पथक असतं. नऊवारी, नथ, डोक्याला फेटा. पहिल्या गाडीवर मी. बाकीच्या बुलेटवाल्या, माझ्याकडे भाच्याची स्पोर्ट बाइक. तो परदेशी गेला आणि ती माझ्या गळ्यात पडली ती कायमची. लोक फोटो काढायचे ते तिचे आणि माझे. हात दुखतो म्हटलं असतं तर पहिली गाडी दुसरीला गेली असती आणि मला कडेला पाणी वाटायला उभं केलं असतं. नको. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग इंटरनेटवर ‘क्लचविना गिअर’ एवढंच वाचलं आणि दादरच्या मेकॅनिककडे गेले. तो भला माणूस. म्हणाला, "ताई, गाडी चालवता कुठे?"

"परळ ते गिरगाव."

"मग हा कशाला बसवताय?"

"ट्रॅकवर न्यायचीय," मी म्हटलं. या वयात, माझ्या तोंडी ट्रॅक. तो हसला नाही याचीच मला जास्त लाज वाटली.

पथकात मात्र मी तोरा मिरवला. आता क्लचचं कामच नाही, रेसिंगची टेक्नॉलॉजी आहे, वगैरे. पोरींनी कौतुक केलं. सरावाच्या वेळी कोणीतरी मध्येच म्हणायची, चला चहा मारू, आणि आम्ही थांबायचो. पार्किंगमधून माझी गाडी नेहमी दुसरंच कोणी बाहेर काढायचं. मला वाटायचं, काय मान आहे बाई आपला.

या लपवाछपवीचं बाळकडू मला घरातच मिळालेलं. संप झाला तेव्हा मी शाळेत होते. वडील मिलमध्ये साचा चालवायचे, ते घरी बसले. चाळीतले सगळेच बाप घरी बसले होते, त्यामुळे त्यांची लाज वाटली नाही. लाज आईची वाटली. ती दुपारी धुवट लुगडं नेसून, पिशवीत टाळ घेऊन बाहेर पडायची. भजनी मंडळ आहे, म्हणायची. एकदा मैत्रिणीबरोबर तिच्या मावशीकडे गिरगावात गेले, तर स्वयंपाकघरातल्या मोरीवर आई बसलेली. पदर खोचून काथ्याने पातेली घासत होती. टाळ खिडकीत ठेवलेले. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मैत्रिणीने विचारलं, पाणी पिणार का? मी नको म्हटलं आणि बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. माझ्या आईला मी ओळख दिली नाही.

संध्याकाळी शेजारच्या काकूंनी रोजच्यासारखं विचारलं, "वहिनी, आज काय म्हटलंत?"

"गौळण," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

काकू आत गेल्या आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या. "घ्या. टाळ कुटून हात दुखत असतील."

आईचे हात भेगाळलेले, नखं काळी. टाळ कुटून असं होत नाही हे मला कळत होतं, तर काकूंना कळत नसेल? सगळ्या चाळीला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी कोणी ना कोणी गौळण झाली की अभंग ते विचारायचं आणि ती वाटी यायची. आई तेल लावायची, मान खाली घालून. मला तेव्हा तिचा रागच आला होता. एवढं नाटक कशाला, असं वाटायचं.

तर पाडवा. सकाळपासूनच ऊन मी म्हणत होतं. पुढे ढोलपथक, ते चार पावलं चालणार आणि थांबून वाजवणार. आमच्या गाड्या मुंगीच्या गतीने. अर्धा क्लच दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. क्विक शिफ्टरने काय करायचं होतं त्यात? पहिल्यावरून दुसरा गिअर टाकायची वेळच येत नव्हती. त्यात स्पोर्ट बाइकचं हँडल खाली, सगळा भार मनगटांवर. ठाकूरद्वार येईपर्यंत अंगठ्यातून कळा खांद्यापर्यंत चढल्या. वर गॅलऱ्यांतून फुलं पडत होती आणि मी नथीखाली ओठ चावून हसत होते.

नाक्यावर बोटं सुटली. क्लच एकदम सुटला, गाडीने हिसका दिला, बंद पडली आणि डावीकडे कलली. पडली मात्र नाही. मागची मुलगी आपली बुलेट स्टँडला लावून कधीच धावत आली होती. तिने हँडल धरलं होतं.

"ताई, क्विक शिफ्टर तापला असेल," ती मोठ्याने म्हणाली, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं. "तुम्ही जरा पाणी प्या."

आणि फुटपाथवरून आमच्याच पथकातली आणखी एक जण पुढे आली. नऊवारी, नथ, फेटा, पायात रायडिंगचे बूट. तिच्याकडे गाडी नव्हती. सकाळपासून ती आमच्या बाजूने चालत होती आणि मी मनात म्हटलंही होतं, ही येडी गाडीविना फेटा बांधून काय करतेय. तिने मला हात देऊन खाली उतरवलं आणि ती माझ्या सीटवर बसली.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. चहाचे थांबे, पार्किंगमधून काढून दिलेली गाडी, क्विक शिफ्टरचं कौतुक. माझी लाज त्या पोरी महिनोन् महिने सांभाळत होत्या आणि मी त्यांना टेक्नॉलॉजी शिकवत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. फेटा काढून काखेत घेतला आणि पुढचा रस्ता मी गाड्यांच्या मागून चालत गेले.

तशीच आईकडे गेले, परळला. ती आता खाटेवरच असते, पण डोळे शाबूत आहेत.

"काय गो, कशी झाली मिरवणूक?"

"छान झाली," मी म्हटलं.

"गाडी चालवलीस?"

"शेवटपर्यंत."

चहा आला. मी कप दोन्ही हातांनी उचलला. आई बघत होती. मग तिने उशाखाली चाचपून तेलाची बाटली काढली, माझा डावा हात ओढून मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या बुडाशी तेल चोळायला लागली.

"टाळ कुटून दुखत असेल," ती म्हणाली.