वहिनींचे वीस सेकंद

आमच्या दुरुस्ती-विभागात त्यांना सगळे शंकासुर म्हणायचे, मीसुद्धा. खाटेजवळचा, हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर दुरुस्त झाला की आम्ही सिग्नल जनरेटरमधून त्याला नियमातल्या पाच खोट्या लहरी देतो. पाचही ओळखल्या की सही. शंकासुर सहावी द्यायचे. ती त्यांच्या बायकोची होती.

वहिनींचं हृदय अडखळलं तेव्हा त्यांचा मॉनिटर गप्पच राहिला, म्हणून कोणी आलंच नाही. हाती लागली ती वीस सेकंदांची नोंद: पहिले दहा सेकंद ठोके अगदी व्यवस्थित, मग अडखळणं. शंकासुरांनी कागदावरच्या त्या रेघेला मोजपट्टी लावून तिचे दोन हजार बिंदू मोजले आणि फाइल केली. बारा वर्षांत त्या फाइलवर ओरडल्याशिवाय एकही मॉनिटर वॉर्डात गेला नाही. साहेब वेळेवरून कुरकुरायचे, पण ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. घरी बोलायला कोणी नाही, मुलगी लांब. डबा खातानासुद्धा यांचं तोंड यंत्राकडे.

गेल्या आठवड्यात नवा जनरेटर आला. त्याला लहर पाठवताना आधी किती बाइट येणार ते सांगावं लागतं, मग तो तेवढेच मोजून घेतो. जुन्याला एका बिंदूला एक बाइट पुरायचा, नव्याला दोन लागतात. शंकासुरांनी फाइल नीट बदलून घेतली, पण आकडा हाताच्या सवयीने जुनाच टाकला: दोन हजार. यंत्राने पहिली अर्धी लहर घेतली, बाकीची नाकारली, एरर दाखवला आणि ती अर्धीच पुन्हापुन्हा फिरवत बसलं.

परवा मी शेजारच्या टेबलावर रक्तदाबाची यंत्रं तपासत होतो. मॉनिटर चारपर्यंत वॉर्डात हवा होता आणि हे नुसते पडद्याकडे बघत बसलेले. ठोका, ठोका, ठोका. कुठे अडखळणं नाही.

"अहो, चार हजार टाका की," मी म्हणालो. "एवढ्यासाठी काय डोकं धरून बसलाय?"

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"सोमवारपासून." मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "बरी आहे रे ती यात."

मी हातातलं यंत्र बाजूला ठेवलं. म्हणालो, "वॉर्डातून दोनदा फोन आला. तिथेही खाटेवर कोणीतरी आहे."

"तेही माहीत आहे."

त्यांनी चष्मा पुसला, आकडा बदलला आणि लहर पुन्हा पाठवली. दहा सेकंद वहिनी छान होत्या. मग लहर अडखळली आणि मॉनिटर किंचाळायला लागला. मी आवाज बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. कुणीतरी धावत आलं पाहिजे ना."

दार उघडंच होतं. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि खोलीत आम्ही दोघंच होतो.