चौथं पिस्तूल

विश्वनाथ केळकरच्या कुलूपबंद कपाटात तीन पिस्तुलं होती आणि तिन्ही दसऱ्याला घेतलेली. न्यूझीलंडमधल्या ‘ते रापा’ या उपनगरातल्या औषधांच्या दुकानात तो फार्मासिस्ट. रविवारी क्लबात जाऊन कागदी चकतीवर नेम धरायचा. नेम बिघडला की खोट पिस्तुलात निघे. मूठ जाड आहे, चाप जड आहे. मग मुहूर्तावर नवं येई आणि उन्हाळाभर त्याला वाटे, आता जमतंय.

यंदा टौरंगा शहरातल्या एका विक्रेत्यानं त्याच्यासाठी एक बाजूला काढून ठेवलं होतं. फोनवरचा फोटो तो जेवतानाही उघडायचा.

"अहो, आहे त्याचा सराव करा की," वसुंधरा म्हणाली. ती हॉस्पिटलात नर्स. "नाहीतर आधीची तिघं चौथ्याला सांगतील, पळ म्हणून."

तो हसला. सरावाचीच त्याला भीती होती. सांगलीला त्याचे वडील, आप्पा, शाळेत शिकवायचे. फळ्यावरची त्यांची अक्षरं आधी वाकडी झाली, मग हात कापू लागला. पुढे आई त्यांचा चहाचा कप अर्धाच भरू लागली, आणि त्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही. नवं पिस्तूल घेतलं की दोष कुणाचा हे वर्षभर पुढं ढकलता येई.

दसऱ्याआधीच्या रविवारी क्लबातल्या म्हाताऱ्या ग्रॅहमनं त्याचं पिस्तूल मागून घेतलं. गोळ्या झाडल्या. भोकं एकमेकांत मिसळून गेली.

"ह्याला काही झालेलं नाही, विश," तो म्हणाला. "घरी रिकामं धर. नळीवर नाणं ठेव आणि चाप ओढ. नाणं पडता कामा नये."

खंडेनवमीला विश्वनाथनं तिन्ही पिस्तुलं पाटावर मांडली. हळदकुंकू वाहिलं, अंगणातली पिवळी फुलं घातली, शेजारी रुपया ठेवला. दुसऱ्या दिवशी टौरंगाला कळवलं, नको.

"सुटले बाई," वसुंधरा म्हणाली.

त्या संध्याकाळपासून तो भिंतीपुढे उभा राहू लागला. पूजेतला तोच रुपया, कुंकवाचा डाग असलेला, नळीवर ठेवायचा. चाप ओढताना रुपया पडे. सवय नाही, त्यानं मनाशी म्हटलं. दुकानातून दमून येतो, खांदा भरून येतो. म्हणून तो सकाळी उभा राहू लागला. श्वास रोखून पाहिला, पाय रुंद करून पाहिले. आयुष्यात इतक्या नेमानं त्यानं कशाचाच सराव केला नव्हता. उन्हाळा सरला. पानं गळायच्या सुमाराला बोट चापाला लागण्याआधीच रुपया पडू लागला. लाकडी जमिनीवर तो बराच वेळ गोल फिरे, आणि वसुंधराचा स्वयंपाकघरातला आवाज तेवढ्यापुरता थांबे.

दोष द्यायला आता काही उरलं नव्हतं.

मग एके दिवशी त्यानं पिस्तूल काढलंच नाही. खुर्चीत बसून राहिला. वसुंधरानं विचारलं, "आज नाही का?"

"उद्या."

तिनं चहा आणून समोर ठेवला. जवळच्या दूध-भुकटीच्या कारखान्याकडून येणाऱ्या वाऱ्याला उकळत्या दुधाचा वास होता. त्यानं कपाकडे पाहिलं. चहा अर्ध्यावरच होता.

"दूध संपलं का?"

"नाही," वसुंधरा म्हणाली, आणि पाठमोरी होऊन ओटा पुसू लागली. ओटा स्वच्छच होता.

त्यानं कप दोन्ही हातांनी उचलला.